तीस जूनच्या अलीकडे-पलीकडे

(रत्नागिरी येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा लिखित मजकूर)



ज्या सरांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्यांनी या शहरातल्या कितीतरी मुलांना जमाखर्च शिकवला. मीही त्यांचाच विद्यार्थी. ताळेबंद हातात आला की आधी देण्यांची बाजू वाचा, असा त्यांचा आग्रह असे. आज मी एका सरकारच्या मदतीकडे त्याच बाजूनं पाहणार आहे. विषय आहे कोविड महासाथीच्या काळात धंद्यांना दिलेली सरकारी मदत, आणि जागा आहे जेद्दा.

जेद्दाच का, असा प्रश्न या सभागृहात कुणी विचारणार नाही. मंडणगड, दापोली, खेड, राजापूर, तिकडे म्हसळा आणि श्रीवर्धन. या तालुक्यांतल्या किती घरांचा पत्ता लाल समुद्राच्या काठावर आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हा संबंध तेलाच्याही आधीचा. १८७७ साली मुंबईत सुरू झालेली बोटकंपनी पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेली, आणि तिच्या बोटी हाजींना घेऊन जेद्दाच्या बंदराला लागत. मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाणं १९९५ पर्यंत चालू होतं. त्या बोटींवर खलाशी म्हणून, भंडारी म्हणून आपल्याकडची माणसं होती. साथही या वाटेला नवी नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा १८९७ साली मुंबई आणि कराची बंदरांतून हजची वाहतूक सरकारनं बंद केली. त्याच वर्षीचा साथरोग कायदा महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. सव्वाशे वर्षांनी ही वाट साथीमुळे पुन्हा बंद झाली.

मी २०२० साली जेद्दात हिशेबनीस होतो. हॉटेलांचे कपडे धुणारी एक मध्यम आकाराची लाँड्री. तिचं नाव घेण्याचं कारण नाही. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. जेद्दातली हॉटेलं आणि मक्केकडून येणारा माल. रजबपासून रमझानपर्यंत उमऱ्याचा, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेचा, हंगाम, तेव्हा यंत्रं रात्रीही बंद होत नसत. २७ फेब्रुवारी २०२० ला सौदी सरकारनं बाहेरून येणाऱ्या उमरा यात्रेकरूंना बंदी केली. देशात पहिला रुग्ण सापडला २ मार्चला, म्हणजे बंदी रुग्णाच्याही आधी आली. ४ मार्चला देशातल्या लोकांचाही उमरा थांबला. १५ मार्चला आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या गाड्या रिकाम्या परत यायला लागल्या.

पुढचं तुम्ही फोनवरून ऐकलेलं असेल. २३ मार्चपासून देशभर संध्याकाळी सातनंतर संचारबंदी, महिनाअखेरीस जेद्दा शहरात येण्याजाण्यावर बंदी, मग शहरातल्या सात वस्त्या पूर्ण बंद: किलो चौदा उत्तर आणि दक्षिण, किलो तेरा, महजर, गुलैल, कुरय्यात, पेट्रोमिन. या वस्त्या दक्षिण जेद्दातल्या, स्वस्त भाड्याच्या, एका खोलीत आठ-आठ जण राहतात तशा. ६ एप्रिलपासून सगळं शहर चोवीस तास बंद.

आता मदतीकडे येतो, आणि आधी जे चांगलं झालं ते मोकळेपणानं सांगतो. सौदी सरकार फार लवकर हललं. १४ मार्चलाच तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, तिला सगळे 'सामा' म्हणतात, ५० अब्ज रियालचा कार्यक्रम जाहीर केला. त्यातले ३० अब्ज छोट्या-मध्यम धंद्यांचे कर्जाचे हप्ते सहा महिने पुढे ढकलण्यासाठी, १३.२ अब्ज सवलतीच्या नव्या कर्जासाठी, ६ अब्ज कर्जहमीसाठी, आणि ८० कोटी रियाल दुकानांतल्या कार्ड-यंत्रांवरचं आणि ऑनलाइन विक्रीवरचं शुल्क सरकारनं भरण्यासाठी. २० मार्चला अर्थमंत्री मोहम्मद अल-जदान यांनी आणखी ७० अब्जांच्या सवलती जाहीर केल्या. व्हॅट, अबकारी कर, जकात यांचा भरणा तीन महिने पुढे. आयात मालाचं सीमाशुल्क बँकहमीवर तीस दिवस पुढे. परदेशी कामगारांवरच्या लेव्हीत सूट. एप्रिलच्या मध्यात आणखी एक फेरी झाली आणि व्यापारी, औद्योगिक, शेतीच्या वीजबिलात दोन महिने ३० टक्के सवलत मिळाली. ३० मार्चला राजे सलमान यांच्या हुकुमानं कोविडचा उपचार सगळ्यांना मोफत झाला. नागरिक, परदेशी, आणि ज्यांच्याकडे कागद नाहीत असे लोकही त्यात आले. ज्याचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपलेला आहे असा माणूस पकडलं जाण्याच्या भीतीशिवाय दवाखान्यात जाऊ शकत होता. किती जीव यामुळे वाचले असतील ते मी सांगू शकणार नाही, पण आमच्या खोल्यांमध्ये त्या हुकुमानं जो धीर आला तो मी पाहिला आहे.

बंद पडलेल्या धंद्याला तीन प्रकारची देणी असतात: सरकारची, बँकेची आणि माणसांची. पहिली दोन सरकारला हलकी करता येतात, कारण एक स्वतःचीच आहे आणि दुसरीवर मध्यवर्ती बँकेचा शब्द चालतो. तिसरं देणं म्हणजे पगार. तिथे जेद्दात काय झालं, ते मला जरा थांबून सांगायचं आहे.

त्यासाठी आधी लेव्हीकडे पाहू. लेव्ही हा शब्द इथल्या प्रत्येक गल्फवाल्या घराला माहीत आहे. सौदीत परदेशी कामगार ठेवायचा तर मालकानं सरकारला दरमहा ठरावीक रक्कम भरायची. २०१८ पासून ती दरवर्षी वाढत गेली. ज्या कंपनीत परदेशी लोक सौदींपेक्षा जास्त, तिथे २०१८ मध्ये माणशी ४०० रियाल, २०१९ मध्ये ६००, २०२० मध्ये ८००. म्हणजे वर्षाला ९,६०० रियाल, तेव्हाच्या भावानं सुमारे दोन लाख रुपये. तेही इकाम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी पुढच्या वर्षाचे एकरकमी. आमच्याकडे इस्त्रीवर काम करणाऱ्याचा पगार होता महिना १,५०० रियाल. म्हणजे माणसाला जितकं मिळे त्याच्या निम्म्याहून जास्त त्याच्यावर सरकारला जाई.

मार्चमधली सवलत अशी होती: ज्यांचा इकामा ३० जूनच्या आत संपतो त्यांचा इकामा तीन महिने विनाशुल्क वाढवला जाईल, लेव्ही लागणार नाही. जवाझातच्या, म्हणजे पासपोर्ट खात्याच्या, कचेरीत जायचं नाही, अर्ज नाही, मुदत आपोआप वाढणार. ही गोष्ट सरकारी कामकाजाच्या दृष्टीनं खरोखर उत्तम होती. त्या रात्री मी खोलीत लॅपटॉप उघडून बसलो आणि आमच्या माणसांची यादी इकाम्याच्या तारखेनं लावली. ३० जूनवर एक रेघ मारली. रेघेच्या वर होते त्यांच्यामागे कंपनीचे २,४०० रियाल वाचणार होते. रेघेच्या खालच्यांमागे काही नाही. यादीत मंडणगड तालुक्यातले दोघे मावसभाऊ होते, एकाच खोलीत राहणारे, एकाच यंत्रावर पाळीपाळीनं उभे राहणारे. थोरल्याचा इकामा मे महिन्यात संपत होता. धाकट्याचा फेब्रुवारीत नव्यानं काढलेला, त्याचे वर्षाचे पैसे कंपनीनं हंगामाच्या भरवशावर नुकतेच भरलेले. थोरला रेघेच्या वर, धाकटा खाली.

दुसऱ्या दिवशी थोरला मला म्हणाला, "भाई, माझ्यावर सरकारनं पैसे सोडले म्हणतात. ते मला मिळणार काय?"

मी त्याला सांगितलं, ते पैसे तुझ्यावर होते, पण तुझे नव्हते.

हे वाक्य बोलताना मला जे वाटलं, त्यातूनच आजचं व्याख्यान उभं राहिलं आहे. २,४०० रियाल म्हणजे त्याचा दीड महिन्याहून जास्त पगार. त्याच्या नावानं सुटलेली रक्कम त्याच्या पगारापर्यंत पोचावी अशी अट सवलतीत कुठेही नव्हती. मालकानं ती जागेच्या भाड्याला लावली. त्याला दोष देत बसणं सोपं आहे, पण भाडं थकलं असतं तर यंत्रांना कुलूप लागलं असतं, हेही तितकंच खरं. अट नसेल तर पैसा ज्याचा तगादा मोठा त्याच्याकडे जातो. घरमालकाचा तगादा मोठा असतो. ज्याचा इकामा, पासपोर्टवरचा व्हिसा आणि परतीचं तिकीट तुमच्या हातात आहे, त्याचा तगादा सगळ्यांत लहान.

पगाराची खरी मदत ३ एप्रिलला आली. बेरोजगारी विमा योजना 'सानेद' हिच्यामार्फत खासगी क्षेत्रातल्या पगारांचा ६० टक्के भाग सरकार तीन महिने देणार, माणशी महिना कमाल ९,००० रियालपर्यंत, एकूण ९ अब्ज रियाल. बारा लाखांहून अधिक कर्मचारी तिच्या कक्षेत होते. ते सगळे सौदी नागरिक. आमच्या लाँड्रीत सौदी होते दोन. एक सरकारी कागदपत्रांचं काम बघणारा, एक स्वागतकक्षात. त्या दोघांचे पगार सानेदमधून आले आणि मला त्याचा आनंदच झाला. दोघंही घर चालवणारी माणसं होती. यंत्रांवर, गाड्यांवर, इस्त्रीवर असलेल्या उरलेल्यांसाठी त्या योजनेत रकाना नव्हता.

याला एक उत्तर दिलं जातं आणि ते प्रामाणिकपणे ऐकलं पाहिजे. सानेद हा विमा आहे. २०१४ पासून सौदी कर्मचाऱ्याच्या पगारातून एक टक्का आणि मालकाकडून एक टक्का त्यात जमा होत आला. परदेशी कामगारासाठी सामाजिक विम्यात, म्हणजे गोसीत, मालक भरतो ते फक्त कामावरच्या अपघाताचे दोन टक्के. ज्यानं हप्ता भरला नाही त्याला विमा कसा मिळेल? हिशेबनीस म्हणून मला हा युक्तिवाद मान्य आहे. पण मग पुढचा प्रश्नही विचारावा लागतो: ज्याच्या डोक्यावर महिना ८०० रियाल लेव्ही घेतली जाते, त्यातले पंधरा-वीस रियाल त्याच्याच पगाराच्या विम्यात का जाऊ नयेत? पैसे तर निघतच होते.

आणि परदेशी कामगारांसाठी कायद्यात काय झालं? एप्रिलच्या सुरुवातीला मजूर खात्यानं नियमावलीत ४१ वं कलम घातलं. अशा अपवादात्मक स्थितीत मालक आणि कामगार सहा महिन्यांसाठी तीनपैकी एक मार्ग ठरवू शकतात: कामाचे तास कमी करून त्या प्रमाणात पगार कमी, किंवा शिल्लक वार्षिक रजा, किंवा बिनपगारी रजा. मे महिन्यातल्या खुलाशात पगारकपातीची मर्यादा ४० टक्के सांगितली गेली. याच कलमात एक फार महत्त्वाची ओळ होती. या संकटासाठी सरकारकडून काही मदत घेतली असल्याचं सिद्ध झालं, तर मालकाला नंतर करार संपवणं बेकायदा ठरेल. मदत आणि नोकरी यांना बांधणारा हा दोर होता, आणि तो सौदी आणि परदेशी दोघांनाही लागू होता. आपल्याकडच्या कितीतरी योजनांत इतकीही ओळ नव्हती, म्हणून मी तिचा मुद्दाम उल्लेख करतो.

अडचण अशी की 'सिद्ध' कुणी करायचं? इस्त्रीवाल्याला अरबी वाचता येत नाही. कंपनीनं कोणकोणती सवलत घेतली हे पोर्टलवर मालकाला दिसतं, कामगाराला दिसत नाही. तक्रार केली तर निकाल लागेपर्यंत खाणार काय आणि राहणार कुठे? आणि बिनपगारी रजा 'दोघांच्या संमतीनं' ठरते तेव्हा एका बाजूला सही करणारा माणूस बंद शहरात, विमान नसलेल्या देशात, कंपनीच्याच खोलीत राहत असतो. आमच्याकडे ज्यांनी सह्या केल्या त्यांनी कागद वाचला नाही. मी वाचून दाखवला तेव्हाही ते एवढंच विचारत होते की जेवण चालू राहील ना.

जेवण चालू राहिलं, हे मी मालकाच्या बाजूनं सांगायला हवं. डाळ, भात, आठवड्यातून दोनदा कोंबडी. त्या महिन्यांत कितीतरी ठिकाणी तेवढंही नव्हतं. शरफिया आणि अझीझिया भागांतल्या भारतीयांनी, त्यात आपल्या कोकणातल्या मंडळींनी, पीठ-तांदळाच्या पिशव्या दारोदार पोचवल्या. संचारबंदीत त्यासाठी परवाना लागे. हे सगळं कुठल्याही पॅकेजच्या आकड्यांत येत नाही.

आता आणखी एक वर्ग, ज्याच्याबद्दल उघड बोलायला आपली माणसं कचरतात. जुन्या जेद्दातल्या बलद भागातली दुकानं, गल्लीबोळांतले बकाले म्हणजे किराणा दुकानं, मोबाइल दुरुस्तीचे गाळे, छोटे कंत्राटदार. धंदा चालवतो आपला माणूस, भांडवल त्याचं, घाम त्याचा. परवाना मात्र एखाद्या सौदीच्या नावावर, आणि त्या नावाबद्दल महिन्याला ठरावीक रक्कम. याला तिथे 'तसत्तुर' म्हणतात आणि तो गुन्हा आहे. अशा दुकानदाराला सवलतीचं कर्ज मिळणं शक्य नव्हतं, कारण कागदावर तो स्वतःच्याच दुकानात विक्रेता होता. जी काही मदत मिळाली ती परवानाधारकाच्या खात्यात. ती पुढे सरकवायची की नाही हे त्याच्या मर्जीवर. कोर्टात कुणी जाऊ शकत नव्हतं. ऑगस्ट २०२० मध्ये सौदी मंत्रिमंडळानं याविरुद्ध नवा कडक कायदा मंजूर केला, पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रियालपर्यंत दंडाचा. पण सोबत धंदा कायदेशीर करून घेण्याची मुदतही दिली, ती पुढे फेब्रुवारी २०२२ पर्यंत चालली. ज्यांनी त्या मुदतीत व्यवहार सरळ करून घेतले त्यांचं आयुष्यातलं एक मोठं ओझं उतरलं. आपल्या किती लोकांना या सवलतीची वेळेवर माहिती मिळाली, याची मला आजही काळजी वाटते.

आणि मग जुलै आला. १ जुलै २०२० पासून व्हॅट ५ टक्क्यांवरून १५ टक्के झाला. तेलाचे भाव कोसळलेले, बाहेरच्यांना हज बंद, तिजोरीत तूट. त्या वर्षीची तूट पुढे सुमारे २९४ अब्ज रियाल निघाली. सरकारची ओढाताण मला समजते. पण १,५०० रियालवाल्याच्या ताटातल्या तेलावर, बिस्किटांवर, फोनच्या रिचार्जवर तो वाढीव कर लागला, तोही पगार कापलेला असताना. त्या वर्षीचा हज देशात राहणाऱ्या मोजक्या लोकांपुरता झाला, जिथे आदल्या वर्षी जवळजवळ २५ लाख हाजी होते. मुंबईच्या हज हाउसमधून अर्ज केलेल्यांचे पैसे परत करायचं जूनमध्ये जाहीर झालं. उमरा ४ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाला, दिवसाला ६,००० लोकांनी. आमची दोन यंत्रं त्या आठवड्यात चालू झाली. पण ती चालवणारी निम्मी माणसं तोवर खुरूज, म्हणजे देश कायमचा सोडण्याचा परवाना, घेऊन गावी परतली होती. जदवा इन्व्हेस्टमेंट या रियाधच्या संस्थेनं त्या वर्षी बारा लाख परदेशी कामगार सौदी सोडतील असा अंदाज केला होता. धंदे वाचवण्यासाठी एवढा पैसा ओतला, आणि धंदा पुन्हा उभा करायची वेळ आली तेव्हा त्याला जाणणारे हात निघून गेले होते. शिकलेला इस्त्रीवाला, बॉयलरचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस. हेही धंद्याचं भांडवलच आहे. ज्या मदतीत या भांडवलाला जागा नाही ती धंद्यालासुद्धा अर्धवटच वाचवते, असं माझं ठाम मत आहे.

हे वेगळ्या रीतीनं करता येत होतं का? येत होतं, आणि त्याच काही आठवड्यांत दुसरीकडे झालं. ब्रिटननं पगाराच्या ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत रक्कम दिली आणि निकष ठेवला कंपनीच्या पगारपत्रकावर नाव असण्याचा. व्हिसावर काम करणारा भारतीयही त्यात आला. सिंगापूरनं परदेशी कामगारावरची एप्रिलची लेव्ही माफ केली आणि वर माणशी ७५० सिंगापूर डॉलर मालकांना परत दिले. तिथेही पैसे मालकाकडेच गेले, पण कामगारांचं राहणं-खाणं सांभाळा म्हणून सांगून. कतारनं ३ अब्ज कतारी रियालची कर्जहमी ठेवली ती पगार आणि भाडं भागवण्यासाठीच. हे सगळे देश परदेशी कामगारांच्या बाबतीत निष्कलंक आहेत असं मी म्हणत नाही. सिंगापूरच्या कामगार वसाहतींत त्या उन्हाळ्यात साथ कशी पसरली ते जगानं पाहिलं.

आणि आपण? जेद्दाचा हिशेब मांडून घरचा झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. २९ मार्च २०२० ला आपल्या केंद्रीय गृहखात्यानं हुकूम काढला की टाळेबंदीतही सगळ्या कामगारांना पूर्ण पगार द्या. हुकुमासोबत पैसा नव्हता. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, मे महिन्यात हुकूम मागे घेतला गेला आणि जूनमध्ये न्यायालयानं दोन्ही पक्षांना आपसांत मिटवायला सांगितलं. मे महिन्यातच तीन लाख कोटींची हमीकर्ज योजना आली. तिनं कितीतरी कारखाने तगवले, पण त्या कर्जातून आधी पगार चुकते करा अशी अट तिच्यात नव्हती. भविष्यनिर्वाह निधीचे २४ टक्के सरकारनं काही महिने भरले ते शंभरपर्यंत कामगार असलेल्या छोट्या कंपन्यांसाठी. तिथे मात्र नोंद माणसाची होती आणि पैसा थेट त्याच्या खात्यात गेला. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं फेरीवाले, रिक्षावाले, बांधकाम मजूर, घरकामगार यांना १,५०० रुपये जाहीर केले, तेही नोंद असलेल्यांनाच. भिवंडीच्या मागांवरून पायी निघालेला बिहारचा विणकर आणि जेद्दाच्या खोलीत अडकलेला मंडणगडचा इस्त्रीवाला, दोघांची अडचण एकच होती. ज्या राज्यात ते राबत होते तिथल्या वहीत त्यांचा पगार हा कुणाचाही विषय नव्हता.

आपल्या राज्याबद्दल एक गोष्ट जरा तीव्रपणे सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आला, केरळपेक्षाही किंचित जास्त. त्यात मुंबईतल्या खात्यांचा मोठा वाटा असणार हे मान्य. तरी केरळात १९९६ पासून प्रवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खातं आहे, २००८ चा कल्याणनिधी कायदा आहे, निवृत्तिवेतन आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये सुट्टीवर येऊन अडकलेल्या प्रवासी केरळीयांना केरळनं पाच-पाच हजार रुपये दिले. शरफियात माझ्या शेजारी राहणाऱ्या मलप्पुरमच्या माणसाकडे फोन करायला एक सरकारी नंबर होता. आमचे लोक मला विचारत, आपला नंबर कुठला? मी त्यांना वकिलातीचा नंबर देत असे. महाराष्ट्राचा असा कुठला नंबर माझ्याकडे नव्हता.

गेल्या काही वर्षांत आखातात ज्या हालचाली झाल्या त्यांमुळे मला पुन्हा आशा वाटायला लागली. जानेवारी २०२३ पासून संयुक्त अरब अमिरातीनं बेरोजगारी विमा सक्तीचा केला, आणि तो परदेशी कामगारांनाही. कमी पगाराच्या गटात महिन्याला फक्त ५ दिरहम हप्ता. नोकरी गेली तर मूळ पगाराच्या ६० टक्के, तीन महिन्यांपर्यंत. सानेदनं २०२० मध्ये सौदींना दिले तेच ६० टक्के, तेच तीन महिने. जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते महिना ५ दिरहमांत झालं. सौदीनंही मार्च २०२१ पासून नोकरी बदलण्यावरची कफीलची, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाची, पकड बरीच सैल केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी कामगारांच्या थकलेल्या पगारासाठी विमा आणला. कंपनीनं सहा महिने बहुसंख्य कामगारांचे पगार थकवले तर १७,५०० रियालपर्यंत भरपाई आणि घरी जायला तिकिटासाठी १,००० रियाल. यात सहा महिने वाट पाहावी लागते, हे मला खटकतं. महिना-दोन महिन्यांत माणूस कर्जात बुडतो. तरी परदेशी कामगाराचा पगार हा राज्याच्या वहीतला विषय झाला, याचं मोल मी जाणतो.

आता आपल्या बाजूनं काय करता येईल ते सांगतो. भारत सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना आहे. इसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागणाऱ्या, पासपोर्टवर सौदीसारख्या देशात जाणाऱ्याला ती सक्तीची. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख रुपये. पगार बुडाल्यावर मात्र त्यात काही नाही. साथ, युद्ध किंवा कंपनी बंद पडणं यामुळे नोकरी जाऊन परतलेल्याला तीन महिन्यांचा आधार याच योजनेत जोडता येईल. हप्ता हजार रुपये झाला तरी जाणारा भरेल. व्हिसासाठी दलालाला तो लाखभर देतोच. रत्नागिरी आणि रायगडच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा यासाठी या व्याख्यानमालेच्या मंडळानं एक निवेदन तयार करावं, असं मी आज इथे जाहीरपणे सुचवतो. मसुदा मी लिहून देतो.

आणि ज्यांच्या घरातलं माणूस आज तिथे आहे, त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. 'किवा' या पोर्टलवर नोंदलेल्या कराराची आणि इकाम्याची प्रत घरी मागवून ठेवा. पगार खात्यात जमा झाल्याचे बँकेचे संदेश पुसू नका. खुरूजच्या वेळी पुढे केलेल्या हिशेबाच्या कागदावर, रक्कम हातात पडल्याशिवाय 'सगळं मिळालं' म्हणून सही करू नका. सौदी कायद्यात कामाचे संबंध संपल्यापासून बारा महिन्यांत पगाराचा दावा लावावा लागतो. २०२० मध्ये परतलेल्या आमच्या मंडळींपैकी बहुतेकांना हे कळलं तेव्हा २०२१ संपत आलं होतं. थोरल्या मावसभावाचा चार महिन्यांचा कापलेला पगार आणि सेवेची ग्रॅच्युइटी त्यातच गेली. धाकटा तिथेच राहिला, जेद्दातच दुसऱ्या कंपनीत लागला, आणि त्यानं नवा करार सही करण्याआधी मला व्हॉट्सॲपवर पाठवला. आम्ही फोनवर एकेक कलम वाचून काढलं.